चाकावरची धूळ

१

भिंगकाका रोज सकाळी सव्वासात वाजता गाडीची चाकं धूत. एखाद्या दिवशी आंघोळ टळेल, चाकं नाही. काकू म्हणत, "माझ्या पायाला सूज आली तेव्हा आठ दिवस यांना पत्ता नव्हता. चाकाला डाग पडू दे, लगेच दिसतो." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर होतं, "तुझी सूज साबणाने जाते का?" असा तो संसार सत्तावीस वर्षं चालला होता, आणि बरा चालला होता.

काकांचा धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा. चौकातल्या चष्म्यांच्या दुकानामागे एक अरुंद खोली, तिथे त्यांचं यंत्र, मापं आणि मऊ फडक्यांची चवड. पुढे बसून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम मालकाचं, मागे बसून घासायचं यांचं. गल्लीने 'भिंगकाका' हे नाव ठेवलं तेव्हा ते आधी रागावले, मग हाकेला ओ देऊ लागले. घासणे या विषयात मात्र त्यांना चार गोष्टी शिकवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एक तरी झिजते, आणि जी झिजते तिची भुकटी कुठे ना कुठे जाऊन बसते. एवढं एक शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाडी बावीस वर्षांची. ब्रेक लावला की ती अशी किंचाळायची की पुढचा माणूस मागे वळून शिवी द्यायचा. पण त्या किंचाळण्याचाही संसारात उपयोग होता. काकू उताराच्या पायथ्याशी असलेल्या वाचनालयात काम करत. संध्याकाळी साडेपाचला काका वरच्या वळणावर ब्रेक लावत, तो आवाज खाली काकूंना ऐकू जाई, आणि काकू नोंदवही मिटून, काठी घेऊन फूटपाथच्या कडेला येऊन उभ्या राहत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना काठी लागायची. काका गाडी अशी आणून लावत की दाराची मूठ बरोबर काकूंच्या हाताशी यावी. काकूंनी पाऊल हलवायचं नाही, फक्त हात पुढे करायचा.

"आज बोटभर मागे राहिली," काकू कधी कधी म्हणत. मग काकांना रात्री जेवण गोड लागत नसे.

२

पुढचे ब्रेक पॅड संपत आले होते. मोजून दोन मिलिमीटर उरले होते. काकांनी स्वतःच बदलायचं ठरवलं, कारण मेकॅनिकने त्यांच्या गाडीला हात लावला की त्यांना पोर शाळेत पहिल्यांदा सोडल्यासारखं व्हायचं. स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांनी पाऊण तास डोकं खाल्लं.

दुकानदार शांत म्हातारा होता. लोक त्याला पार्टवाले म्हणत. त्याने दोन खोकी समोर ठेवली. "हे मऊ. आवाज नाही, पण काळी धूळ फार. हे कडक. धूळ कमी, टिकतात जास्त, पण ओरडतात आणि चाकामागची डिस्कची तबकडी खातात."

"मला आवाज नको, धूळ नको आणि झीज नको," काका म्हणाले.

"तिन्ही नको?"

"तिन्ही नको."

"अहो, पॅड आहे तो. झिजायचंच काम आहे त्याचं. तो झिजतो म्हणून गाडी थांबते. लग्नाला जायचं आणि अक्षता नकोत म्हणायचं, असं कसं चालेल?"

काका हलले नाहीत. हटवादीपणा हा त्यांच्या धंद्याचा गुण होता. पाव मिलिमीटरसाठी काच तीनदा परत करणारा माणूस तो. पार्टवाल्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग स्टूल घेऊन ते वर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक राखाडी खोकं काढलं. त्यावर ना नाव, ना नंबर.

"हा सेट आहे. तुमच्या गाडीला बसेल. पण परत आलेला आहे."

"खराब निघाला?"

"नाही. घेऊन गेलेला माणूस म्हणाला, झिजत नाहीत, आवाज नाही, काळी धूळ नाही. मी म्हटलं, मग परत का करताय? तर म्हणाला, म्हणूनच."

काका हसले. जगात विक्षिप्त माणसांची काय कमी आहे. खोकं बगलेत मारून ते बाहेर पडले. काळजी कशाची वाटायला हवी होती, ते त्यांना अजून कळायचं होतं.

३

रविवारी सकाळी त्यांनी काम काढलं. चाकाचे नट सैल केले, जॅक लावला, खाली भरभक्कम ठोकळा दिला. पॅड धरून ठेवणारा ब्रेकचा चिमटा, कॅलिपर, दोन बोल्ट काढून मोकळा केला आणि रबरी नळीवर ताण येऊ नये म्हणून तारेने बांधून टांगून ठेवला. जुने पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत आले होते. ते त्यांनी दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले.

नवे पॅड बसवण्याआधी त्यांनी सवयीने माप काढलं. त्यांच्या गाडीचा कोरा पॅड दहा मिलिमीटरचा असतो. हे अकराला थोडे कमी होते. वापरून परत आलेला पॅड कोऱ्यापेक्षा जाड कसा, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि लगेच बाजूला बसला. जास्त मिळालं तर तक्रार कोण करतं?

पॅडचा पृष्ठभाग फार गुळगुळीत होता. काका त्यावरून अंगठा फिरवत राहिले. काच शेवटच्या फडक्यापर्यंत नेल्यावर लागते तसा तो लागत होता. अंगठा उचलावासा वाटेना.

"झालं का?" काकू दारातून म्हणाल्या. "का आता त्यांनाही चष्मा लावताय?"

काकांनी चाकं चढवली, नट आवळले आणि गाडीत बसून पेडल चार वेळा दाबून घेतलं, कारण नव्या पॅडना आधी डिस्कशी ओळख करून द्यावी लागते, नाहीतर पहिला ब्रेक हवेत जातो. पाचव्या दाबाला पेडल घट्ट झालं. पायाखालून कुणीतरी उलट दाबल्यासारखं ते वाटलं. मनाचे खेळ, म्हणून काका उतरले आणि हात धुतले.

४

पहिला आठवडा काका हवेत होते. गाडी थांबायची ती लोण्यात सुरी थांबावी तशी. आवाज नाही, हिसका नाही. दाराची मूठ काकूंच्या हाताशी अशी यायची की जणू हातच तिची वाट पाहत होता. आठवडाभरात काकूंच्या तोंडून 'बोटभर' हा शब्द निघाला नाही.

एकच तक्रार होती. "अहो, आवाज नाही तर मला कळणार कसं तुम्ही आलात ते? मी आधीच येऊन उभी राहते. पंधरा-पंधरा मिनिटं."

"मग उभी राहू नकोस. मी आत येऊन हाक मारतो."

"आणि गाडी तिथे आडवी ठेवून? राहू द्या. उभी राहीन मी."

चाकं मात्र पूर्ण स्वच्छ राहत नव्हती. काळी धूळ गेली होती, पण रोज सकाळी पुढच्या चाकांवर एक बारीक, फिकट थर असे. चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखा. बोटाला लागला की त्याला एक वास यायचा. काकांना तो वास ओळखीचा वाटायचा, पण जिभेवर आलेलं नाव आठवू नये तसं व्हायचं. ते साबणाचं पाणी ओतत, ब्रशने आरे घासत, आणि फिकट पाणी फरशीवरून वाहत गटारात जाई. मग ते मागे सरून चाकाकडे पाहत. आरसा झालेला असे.

५

गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रा झोपायचा. एका कानाचा तुकडा उडालेला, गुरगुरणारा, दांडगा. गाडी आली तरी उठायचा नाही. रोज जाता-येता काकांना त्याच्यासाठी थांबावं लागे, हॉर्न वाजवावा लागे, आणि मग महाराज उठून अंग झाडत.

दुसऱ्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "अय्या, हे पिल्लू कुठलं आलं?"

काकांनी पाहिलं. पिल्लू उठलं, अंग झाडलं आणि त्यांच्याकडे बघून गुरगुरलं. त्याच्या एका कानाचा तुकडा उडालेला होता. तोंड पिल्लाचं नव्हतं. नाकाभोवतीचे केस पांढरे होते.

"त्याच्या वंशातलं असेल," काका म्हणाले.

"कान पण वंशात येतो का?" काकू हसल्या. काकाही हसले आणि त्यांनी गाडी पुढे काढली. पुढे तो कुत्रा त्यांना दिसला नाही. किंवा असेल, तर काचेतून दिसण्याएवढा उंच नव्हता.

त्याच आठवड्यात काकूंनी सुताराकडून काठी दोन बोटं कापून आणली. "हल्ली लांब वाटायला लागली होती. खांदा दुखायचा." मग एकदा गाडीत बसताना त्यांनी सीट पुढे ओढायला सांगितली. पाय टेकत नाहीत म्हणाल्या. मग चष्मा नाकावरून घसरायला लागला.

"वाळलीस तू," काका म्हणाले. "नीट जेवत नाहीस."

"वाळले कुठे? ब्लाऊज तर सगळीकडूनच मोठे व्हायला लागलेत. खांद्यात, बाहीत, सगळीकडे. धुतल्यावर कपडे आटतात असं ऐकलं होतं, वाढतात हे नवीनच."

काकांच्या डोक्यात एकच आलं. दुखणं असेल. आतलं काही. डॉक्टरकडे न्यायला हवं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती ऐकली, जीभ पाहिली आणि सांगितलं की बाई ठणठणीत आहेत. वजन जरा कमी आहे, पण उंचीच्या मानाने अगदी योग्य.

उंचीच्या मानाने. हे दोन शब्द घेऊन काका घरी आले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

६

शुक्रवारी संध्याकाळी काकूंना त्यांनी परस्पर दुकानात नेलं. चष्मा नवा करायचा होता. मालक घरी गेला होता. काकांनी काकूंना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि पट्टी हातात घेतली.

डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर हे चष्म्यातलं पहिलं माप. काकूंचं बासष्ट मिलिमीटर. लग्नानंतर पहिल्या महिन्यात काकांनीच ते घेतलं होतं, तेव्हा डोळ्यांत बघता बघता आकडा विसरला म्हणून दोनदा घेतलं होतं. खणात काकूंचं कार्ड होतं, त्यावर दर तीन-चार वर्षांनी एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत बासष्ट. माणूस म्हातारा होतो, पाठ वाकते, दात पडतात, नजर बदलते. डोळे एकमेकांजवळ येत नाहीत. कवटी म्हणजे काही लोकरीचा स्वेटर नव्हे.

"समोर बघ. माझ्या कानाकडे."

पट्टी सत्तावन्न दाखवत होती.

त्यांनी पट्टी बदलली. मग दुसऱ्या डोळ्याने वाचलं. मग कपाळाची रुंदी घेतली, कानापासून नाकापर्यंतचं अंतर घेतलं. सगळं सारख्याच हिशेबाने कमी होतं. चेहरा तोच होता. हनुवटीवरचा तीळ, डाव्या भुवईतली रेघ, सगळं जागच्या जागी, फक्त एका जुन्या फोटोची छोटी प्रत काढावी तसं.

"किती आलं?" काकूंनी विचारलं.

"बासष्ट," काका म्हणाले. सत्तावीस वर्षांत त्यांनी माप पहिल्यांदाच खोटं सांगितलं.

काकू स्टुलावरून उतरल्या. उतरताना त्यांनी आधी एक पाय खाली सोडला, जमीन चाचपली, आणि मग दुसरा. त्यांच्या मानेजवळून पावडरीचा वास आला. त्या रोज लावत ती. काका पट्टी हातात धरून तसेच उभे राहिले. हा वास त्यांनी रोज सकाळी सव्वासातला घेतला होता, ओणवं होऊन, हातात ब्रश घेऊन.

७

शनिवारी सकाळी काकांनी चाकं धुतली नाहीत. काकूंना वाचनालयात सोडलं. उताराच्या वरपासून गाडी इतकी हळू आणली की मागचे लोक हॉर्नवर हॉर्न देत होते. मग दुपारी दुकानातून लवकर घरी येऊन चाक काढलं आणि पॅड मोजले.

बारा मिलिमीटरला थोडे जास्त.

पॅड फुगतात, हे त्यांनी ऐकलं होतं. गरम झाले की, गंज धरला की. त्यांनी पॅड उलटसुलट करून पाहिले. गंजाचा डाग नव्हता. पृष्ठभाग पूर्वीपेक्षाही गुळगुळीत होता, आणि उन्हात धरला की त्यात फिकट, थरावर थर दिसत होते. ते त्यांनी तसेच परत बसवले, कारण घरात दुसरे नव्हते, आणि थेट पार्टवाल्यांकडे गेले.

"मला हे बदलून द्या. कुठलेही द्या. ओरडणारे द्या."

"तुमच्या गाडीचे आता मागवावे लागतील. सोमवारी." पार्टवाल्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चांगले चालत नाहीत का?"

"चालतात."

"तोही अगदी इथेच उभा होता. असाच."

"कोण होता तो? कुठे राहतो?"

"ते नाही विचारलं. एवढं म्हणाला की घरात आता एकटाच आहे. आधी फार गजबज होती म्हणे." पार्टवाल्यांनी मागणीची वही पुढे ओढली. "मला वाटलं, पोरं बाहेरगावी गेली असतील."

काका गाडीत येऊन बसले. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय त्यांना नव्हती. डोकं सांगत होतं, बाबा रे, तू काचा घासणारा माणूस, माप घे, पुरावा बघ, मग घाबर. जवळच्या एका वखारीमागे मोकळी जागा होती, तिथे विटांची रास पडलेली असे. त्यांनी दोन विटा निवडल्या. एकमेकींना टेकवून पाहिल्या, चारी बाजूंनी बरोबर. एक सीटवर ठेवली. दुसरी जमिनीवर उभी केली, मागे जाऊन गाडी आणली आणि विटेसमोर ब्रेक लावला. पुन्हा मागे गेले. पुन्हा ब्रेक. शेजारून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला, डोक्याला हात लावून निघून गेला. काकांनी वीस वेळा ब्रेक लावला.

मग त्यांनी ती वीट उचलून सीटवरच्या विटेशेजारी ठेवली.

माप काढायची गरज नव्हती. सीटवरची वीट दुसरीपेक्षा नखभर उंच होती. नखभर रुंदही. जमिनीवरच्या विटेच्या कडा मात्र कुठेही तुटल्या नव्हत्या, साच्यातून काढल्यासारख्या कोऱ्या होत्या. चाकावर लाल धूळ बसली होती.

काकांची पाचावर धारण बसली. घड्याळात पाच वाजून अठरा मिनिटं झाली होती.

८

त्यांनी वाचनालयात फोन लावला. "त्या तर बाहेर जाऊन उभ्या राहिल्या," पलीकडची बाई म्हणाली. "तुमच्या गाडीचा आवाज येत नाही ना आता, लवकर निघतात." काकूंचा स्वतःचा फोन नेहमीप्रमाणे पर्सच्या तळाशी वाजत राहिला असणार.

काकांनी स्वतःला समजावलं. हातब्रेक आहे. हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि मागच्या चाकांना त्यांनी हात लावलेला नाही, तिथे सगळं जुनंच आहे, प्रामाणिकपणे झिजणारं. हातब्रेकवर हळूहळू जायचं. उतार लागायच्या आधीच, वळणावर, गाडी कडेला लावायची. पायी खाली जायचं. तिला हाताला धरून रिक्षाने घरी आणायचं. सोमवारपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. सोमवारनंतरचं सोमवारनंतर. गेलेलं परत येतं का, हा प्रश्न त्यांनी जवळ येऊ दिला नाही.

पहिल्या गिअरमध्ये, उजवा पाय ब्रेकपासून लांब धरून, डाव्या हाताने हातब्रेक ओढत-सोडत ते निघाले. सिग्नलला गाडी पुढच्या गाडीला चाटून थांबली. चौकात एक सायकलवाला ओरडला. काका मोठ्याने मोजत होते. हा चौक, मग दवाखाना, मग वळण. दवाखान्यासमोरचा गतिरोधक त्यांना लागलाच नाही. महिन्यापूर्वी तिथे गाडी उडायची.

वळण आलं. कडेला दुचाकींची रांग उभी होती, त्यापुढे एका गाडीपुरती जागा. काकांनी हातब्रेक ओढला. गाडी मंदावली. त्यांनी सुटकेचा श्वास घेतला.

आणि दोन दुचाकींच्या मधून काठीचं टोक पुढे आलं.

काकू वर आल्या होत्या. वाट बघून कंटाळून, गाडीचा आवाज येत नाही म्हणून, दुखऱ्या गुडघ्याने उतार चढून त्या त्यांना बघायला आल्या होत्या. दुचाकींच्या आरशांना अडकवलेल्या हेल्मेटांवरून माणसाचं डोकं दिसायला हवं होतं. दिसलं नव्हतं. काठीनंतर एक चप्पल रस्त्यावर उतरली.

काकांनी हातब्रेक मुळापासून ओढला. मागची चाकं घसरली, ओरडली, आणि गाडी उताराच्या बाजूला सरकत राहिली. आता त्यांच्याजवळ विचार करायला वेळ असता तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही. पाय विचारायला थांबत नाही. तीस वर्षांच्या सवयीचा पाय उचलला गेला आणि त्याने पेडल पूर्ण दाबलं.

आवाज झाला नाही. पायाखालून कुणीतरी हळूच उलट दाबलं. गाडी थांबली.

९

बॉनेटच्या पलीकडे काठीची मूठ दिसत होती, आणि तिच्यावर एक हात. तो हात काठीसकट सरकत डाव्या बाजूला गेला. काकांनी समोरच्या रस्त्याकडे नजर लावली होती. ती त्यांनी हलवली नाही.

डाव्या दाराची मूठ खटकली. एकदा. पुन्हा एकदा. हात पोचत नसावा, नुसतीच बोटं लागत असावीत. काकांनी समोर बघतच हात लांब केला आणि दार आतून उघडलं.

कुणीतरी चढलं. आधी एक पाय, मग सीटला धरून दुसरा, मग धापा. पर्स नेहमीसारखी धप्पकन पडली. पावडरीचा वास आला.

"बाई गं," काकूंचा आवाज आला. आवाज अगदी पूर्वीचा होता, भरदार, पण फार खालून येत होता. "असे काय हो चालवता? आणि इतका उशीर? मी म्हटलं, काही झालं की काय."

"नाही," काका म्हणाले. "काही नाही."

"मग असे समोर काय बघताय? माझ्याकडे बघा तरी."

काका दार उघडून खाली उतरले. ते बॉनेटला धरत डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापर्यंत गेले आणि रस्त्यावर बसले. लोक वळसा घालून जात होते. चाकावर विटेची लाल धूळ होती, आणि तिच्यावर ताजा, जाड, फिकट थर. आऱ्यांच्या बेचक्यांत तो साचून बसला होता. थोडा वाऱ्याने हलत होता.

काकांनी खिशातून काचा पुसायचं मऊ फडकं काढलं. ते त्यांनी चाकाखाली पसरलं, आणि तर्जनीने, श्वास रोखून, एक-एक आरा खाली झाडायला सुरुवात केली. कण सांडता कामा नये. एकही कण सांडता कामा नये. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना पुसता येत नव्हते, कारण बोटांना धूळ होती. सव्वासातचं साबणाचं पाणी त्यांना आठवत होतं. तीन आठवडे. रोज. फरशीवरून वाहत, गटारात.

वर, काकूंच्या बाजूची काच अर्धी उघडी होती. काचेच्या वर कुणाचं डोकं दिसत नव्हतं. आतून आवाज मात्र आला, थोडा वैतागलेला, थोडा मायेचा.

"अहो, चला ना आता. ते काय आत्ताच करायला हवं का? सकाळी धुवालच की."